संगणकाचे घरचे बियाणे



महाराष्ट्रात वाशी नावाची गावे दोन प्रसिद्ध. एक नवी मुंबईतली, खाडीपुलाच्या पलीकडची. आणि दुसरी आपली, धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या माळावरची. बाहेरगावी नुसते ‘वाशी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिली उभी राहते, आणि मग आपल्याला ‘तालुका वाशी, जिल्हा धाराशिव’ असा सगळा पत्ता सांगावा लागतो. याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. पण एका बाबतीत या दोन गावांतला फरक ध्यानात ठेवायला हवा. तिकडे इंटरनेट नळाच्या पाण्यासारखे येते. इकडे ते पुष्कळदा टँकरच्या पाण्यासारखे येते. आले की भरून ठेवावे, आणि काटकसरीने वापरावे. संगणकाच्या बाबतीत हे ‘भरून ठेवणे’ कसे करावे, हाच आजचा विषय आहे.

शाळेतला, ग्रंथालयातला किंवा पतसंस्थेतला कोणताही संगणक घ्या. आपण त्यावर पत्र लिहितो, हिशेब करतो, मुलांचे दाखले छापतो. ही सगळी कामे करणाऱ्या कार्यक्रमांच्या खाली एक मोठा कारभारी बसलेला असतो. डिस्कवर कुठे काय ठेवायचे, स्मृतीतली जागा कोणाला किती द्यायची, छपाईयंत्राकडे कागद कधी पाठवायचा, बाहेरून कोणी दार ठोठावले तर उघडायचे की नाही, हे सारे तो ठरवतो. या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. हा कारभारी माणसांनीच लिहिलेला असल्यामुळे त्यात चुका असतात. त्या सापडतील तशा दुरुस्त कराव्या लागतात. ही दुरुस्ती आपल्या यंत्रावर आणून बसवणे, याचेच नाव अपडेट.

‘आमचे यंत्र चाललेय की, मग कशाला हात लावा?’ असे कोणी म्हणेल. त्याला २०१७ साली घडलेल्या दोन गोष्टी सांगाव्या लागतील. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी कार्यक्रम जगभर पसरला. तो यंत्रातले सारे कागदपत्र कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. इंग्लंडातल्या रुग्णालयांना त्याचा मोठा फटका बसला. विशेष हे, की तो विंडोजमधल्या ज्या भगदाडातून आत शिरत होता ते बुजवण्याची दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती. दोन महिने औषध कपाटात होते, पण पुष्कळांनी घेतले नव्हते.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली, आणि ती नेमकी उलटी. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा उपद्रव सुरू झाला. युक्रेनमध्ये व्यापारी मंडळी हिशेबाचा एक कार्यक्रम वापरीत. त्या कार्यक्रमाची दुरुस्ती जेथून मिळे, त्या जागीच कोणी विष कालवून ठेवले होते. लोकांनी शहाणपणाने अपडेट घेतले आणि त्याच वाटेने रोग घरात आला. तेथून तो मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीत पोचला, आणि तिच्या जाळ्यातून थेट आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका धक्क्यापर्यंत आला. त्या दुसऱ्या वाशीपासून फार लांब नसलेल्या या बंदरात कंटेनरची चढउतार विस्कळीत झाली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आपला प्रश्न स्पष्ट होतो. दुरुस्ती घेतली नाही तर धोका, आणि कोठून आली हे न पाहता घेतली तरी धोका. मग जिथे इंटरनेटची धार बारीक आहे अशा गावाने काय करावे?

याचे उत्तर शेतकऱ्याला नवे वाटणार नाही. सोयाबीनचे घरचे बियाणे राखून ठेवणारे शेतकरी आपल्याकडे आहेत. ते बियाणे घरात असते म्हणून पेरणीच्या दिवशी दुकानापुढे रांग लावावी लागत नाही. पण ते पारखल्याशिवाय कोणी पेरत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आणि सत्तर तरी उगवले तर ते पेरायचे. संगणकाच्या बाबतीतही असेच घरचे बियाणे ठेवता येते, आणि त्याचीही उगवण तपासता येते.

हे बियाणे म्हणजे काय? ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणारी माणसे ती प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितात. बहुतेक सगळी ‘सी’ नावाच्या भाषेत. या मूळ लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. कंपायलर नावाचा कार्यक्रम त्याचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो. सोर्स कोड हा दाणा आहे, आणि तयार आज्ञा हे पीठ. बाजारातून बहुधा आपल्याला पीठच मिळते. त्याची भाकरी होते, पण ते पेरता येत नाही. त्यात काय मिसळले आहे हेही सहज कळत नाही. ज्याच्याजवळ दाणा आहे त्याला मात्र वाचता येते, तपासता येते, बदलता येते आणि हवे तेव्हा दळता येते.

ज्यांचा दाणा सर्वांना खुला आहे अशा ऑपरेटिंग सिस्टीम अनेक आहेत. लिनक्स आपल्या परिचयाची आहे. आपल्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेली ‘बॉस’ ही तिचीच भारतीय शाखा. आज मी उदाहरणासाठी फ्रीबीएसडी घेतो, कारण तिच्यात गाभा, त्याच्याबरोबरची नेहमीची साधने आणि खुद्द कंपायलर, या सर्वांचे मूळ लिखाण एकाच साठ्यात एकत्र ठेवलेले असते. तिचे घराणे जुने आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७८ साली युनिक्सला जोडलेल्या साधनांची एक चुंबकीय फीत तयार केली, आणि तिच्या प्रती इतरांना पाठवल्या. त्या परंपरेतून १९९३ साली फ्रीबीएसडी निघाली. म्हणजे प्रत करून जवळ ठेवण्याची ही चाल मुळातच तिच्या रक्तात आहे.

आता मिरर म्हणजे काय ते पाहू. मूळ साठ्याची हुबेहूब प्रत, जी वेळोवेळी मूळाशी जुळवून घेतली जाते, तिला मिरर म्हणतात, म्हणजे आरसा. आपल्या देशात ही कल्पना गरजेतून रुजली. १९८६ साली ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू झाले, मुंबईची एन.सी.एस.टी. ही संस्था आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामधला दुवा त्याच्या अगदी पहिल्या दुव्यांपैकी होता. तेव्हा परदेशाशी जोडणारी वाट अरुंद आणि महाग होती. एकच वस्तू शंभर विद्यार्थ्यांनी शंभरदा समुद्रापलीकडून ओढत आणणे परवडणारे नव्हते. पुढे पवई, मद्रास, कानपूर येथल्या आय.आय.टी.ंनी आपापल्या ठिकाणी असे साठे ठेवले ते याच हिशेबाने. एकदा आणावे, आणि सर्वांनी आपल्या अंगणातून घ्यावे.

तोच हिशेब वाशीला लावून पाहू. समजा, एका शाळेत दहा संगणक आहेत आणि सोयीसाठी दहांवरही फ्रीबीएसडी आहे. दुरुस्तीसह मूळ साठा दीड गिगाबाइटचा आहे, आणि शाळेची तार सेकंदाला दोन मेगाबिट देते असे धरा. दीड गिगाबाइट म्हणजे सुमारे बारा हजार मेगाबिट. एका यंत्राला लागतील सहा हजार सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटे. दहा यंत्रांनी स्वतंत्रपणे आणायचे म्हटले तर झाले सोळा तास चाळीस मिनिटे, तेही मध्ये तार तुटली नाही तर! उलट, एकाच यंत्राने ते आणले आणि बाकीच्यांनी शाळेतल्याच शंभर मेगाबिटच्या जोडणीवरून घेतले, तर प्रत्येकाचे काम दोन-तीन मिनिटांचे. शिवाय हा भार पहिल्या वेळेचाच. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेल्या ‘गिट’ या साधनात फ्रीबीएसडीचा साठा २०२० च्या डिसेंबरपासून ठेवला जातो. गिट फक्त मागच्या वेळेपासून झालेला फरक आणते. तो पुष्कळदा काही मेगाबाइटच असतो. रात्री तार मोकळी असताना तो निमूटपणे येऊन पडतो.

पण थांबा. प्रत म्हटली की पाठभेद आला. आपल्याला याचे उदाहरण लांब शोधायला नको. ज्ञानेश्वरीच्या हातोहात नकला होत गेल्या आणि त्यांत चुकांची व पदरच्या ओव्यांची भर पडत गेली. तेव्हा पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलेची अडचण चारशे वर्षांपूर्वीची, आणि उपायही तोच: प्रत ताडून पाहणे.

संगणकाला हे ताडणे गणिताने करता येते. साठ्याच्या प्रत्येक अवस्थेवरून गिट एक चाळीस अक्षरांची खूण काढते. त्या अवस्थेतला सर्व मजकूर आणि त्यामागचा सगळा इतिहास, दोन्ही त्या खुणेत गुंतलेले असतात. लाखो ओळींत एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते. फ्रीबीएसडीत एखादे भगदाड सापडले की तिचे सुरक्षा अधिकारी सहीनिशी एक सूचनापत्र काढतात, आणि दुरुस्ती कोणत्या शाखेत कोणत्या खुणेपाशी झाली ते त्यात लिहितात. आपण ते पत्र शाळेच्या तारेवरून न वाचता मोबाईलवरून वाचावे, आणि त्यातली खूण आपल्या साठ्यात आहे का ते पाहावे. दोन वेगळ्या वाटांनी आलेली साक्ष जुळली की भरवसा बसतो. न्हावा-शेव्याची गोष्ट आठवा. तिथे औषध आणि औषधावरची चिठ्ठी एकाच वाटेने आली होती.

इथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. खूण जुळली म्हणजे प्रत मूळाबरहुकूम आहे एवढेच ठरते. मूळच निर्दोष आहे असे ठरत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या, फायली आवळणाऱ्या एका साध्या साधनात चोरदरवाजा ठेवलेला सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरून प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, आणि त्याने माग काढला. त्या चोरदरवाजाला चालना देणारा तुकडा सर्वांपुढे असलेल्या गिटच्या साठ्यात नव्हता. प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गाठोड्यात तो हळूच घातला होता. दाणा उघडा असल्यामुळे चोरी पकडता आली हे खरे, पण दाणे निवडणारा जागा होता म्हणून ती पकडली गेली, हेही तितकेच खरे.

आता प्रत्यक्ष कृती. ज्यांना ती करायची आहे त्यांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

पहिली पायरी, शाखा निवडणे. फ्रीबीएसडीच्या साठ्यात एक शाखा रोजच्या नव्या प्रयोगांची असते, दुसरी निवळत चाललेल्या कामाची, आणि तिसरी प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची. या तिसरीत फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात. शाळेने ही तिसरीच धरावी. तिचीही मुदत संपते. ती केव्हा संपणार ते भिंतीवर लिहून ठेवावे.

दुसरी पायरी, वाचणे. साठ्यात ‘अपडेटिंग’ नावाची एक फाईल असते. कोणत्या तारखेच्या बदलानंतर काय विशेष करावे लागेल ते तीत लिहिलेले असते. ती न वाचता पुढे जाणे म्हणजे पंचांग न पाहता मुहूर्त धरण्यासारखे आहे.

तिसरी पायरी, बांधणी. ‘बिल्डवर्ल्ड’ या आज्ञेने सर्व साधने बांधली जातात आणि ‘बिल्डकर्नल’ या आज्ञेने गाभा. याला जुन्या यंत्रावर कित्येक तास लागतात. सर्वांत जास्त वेळ खातो तो खुद्द कंपायलर. म्हणून दहांतले सर्वांत दमदार यंत्र या कामाला लावावे आणि दळण त्या एकाच जात्यावर करावे. एक सावधगिरी मात्र हवी. बांधणी करताना त्या यंत्राच्या नव्या प्रोसेसरच्या खास आज्ञा वापरू नयेत. नाहीतर तयार झालेला माल जुन्या यंत्रांवर चालणार नाही. बांधणी चालू असताना वीज गेली तर? घाबरू नये. बांधणी वेगळ्या जागी होत असते. चालू यंत्रणेला तिचा स्पर्शही झालेला नसतो. वीज आल्यावर पुन्हा सुरू करावी.

चौथी पायरी, गाभा बसवणे आणि यंत्र पुन्हा सुरू करणे. गाभा आधी का, साधने आधी का नाहीत? नव्या गाभ्याला जुन्या साधनांची भाषा कळते, पण जुन्या गाभ्याला नव्या साधनांची भाषा कळेलच असे नाही. घरात वडील माणसाने आधी नवी रीत समजून घेतली की धाकट्यांची अडचण होत नाही, तसेच हे. ‘इन्स्टॉलकर्नल’ ही आज्ञा जुना गाभा पुसत नाही, बाजूला ठेवते. नवा उठला नाही तर जुन्यावरून यंत्र सुरू करता येते.

पाचवी पायरी, ‘इन्स्टॉलवर्ल्ड’, म्हणजे साधने बसवणे. हा भाग नाजूक. या अर्ध्या तासात वीज जाता कामा नये. इन्व्हर्टर भरलेला असेल तेव्हाच हे काम हाती घ्यावे. डिस्कवर झेडएफएस ही मांडणी असेल तर आरंभ करण्यापूर्वी चालू अवस्थेची एक प्रत धरून ठेवता येते, आणि बिघडल्यास काही मिनिटांत मागे येता येते. हे अवश्य करावे. ‘एटसीअपडेट’ हे साधन इन्स्टॉलवर्ल्डच्या अगोदर एकदा आणि नंतर एकदा चालवावे. आपण स्वतः केलेल्या नोंदी, म्हणजे छपाईयंत्राचे नाव, जाळ्याचे पत्ते इत्यादी, सांभाळून ते नव्या नोंदी आत घेते. जिथे दोन्ही एकाच जागी भांडतात तिथे ते आपल्याला विचारते. तिथे नीट वाचून उत्तर द्यावे. शेवटी पुन्हा एकदा यंत्र सुरू करावे, आणि सर्व ठीक दिसल्यावर निरुपयोगी झालेल्या जुन्या फायली काढाव्यात.

सहावी पायरी बाकीच्या यंत्रांची. बांधलेला माल आणि मूळ साठा हे दोन्ही बांधणीयंत्रावरून शाळेच्या जाळ्यात वाटून द्यावेत. प्रत्येक यंत्राने ते त्याच नावाने, त्याच जागी जोडून घ्यावेत आणि फक्त बसवण्याच्या पायऱ्या कराव्यात. पुन्हा दळायला नको. मात्र दहाही यंत्रे एकाच दुपारी करू नयेत. एकावर करावे, त्यावर दोन दिवस रोजचे काम चालवून पाहावे आणि मगच इतरांना हात घालावा. हीच आपली शंभर दाण्यांची उगवण-चाचणी.

ब्राउझर, मराठी लेखनाचे कार्यक्रम वगैरे या साठ्यात नसतात, हेही सांगून ठेवतो. त्यांची दुरुस्ती स्वतंत्रपणे, पॅकेजच्या वाटेने आणावी लागते. आणि हेही खरे, की इतका खटाटोप ज्याला नको त्याला फ्रीबीएसडीतही तयार पीठ मिळते, आणि डेबियनसारख्या लिनक्समध्ये तयार पॅकेजांचाच स्थानिक मिरर ठेवता येतो. एकदोन यंत्रे असतील तर तेच सोयीचे. मूळ लिखाणावरून बांधणी करायची ती यंत्रे अनेक आहेत, आपल्याला त्यात काही बदल हवा आहे, किंवा काय बसते आहे ते समजून घ्यायचे आहे, अशा वेळी.

कोणी विचारील, वाशीसारख्या ठिकाणी हे आत्ताच का? कारण सांगतो. विंडोज १० ची मोफत नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मुदतवाढीची तात्पुरती योजना सोडली तर ती यंत्रे आता उघड्यावर आहेत, आणि त्यांतली कित्येक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण कारभारी निवृत्त! गावोगावच्या शाळांना यापुढे एकतर चांगली यंत्रे भंगारात घालावी लागतील, किंवा भगदाडे तशीच ठेवून मुलांचे दाखले आणि सभासदांचे हिशेब त्यांवर ठेवावे लागतील. नाहीतर ज्याचा दाणा खुला आहे असा कारभारी त्यांवर बसवावा लागेल. तिसरा मार्ग स्वस्त आहे, परंतु फुकट नाही. त्याची किंमत पैशांत नसून लक्ष देण्यात आहे.

म्हणून शेवटी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. मिरर उभारणे हे एका दिवसाचे काम आहे. तो ताजा ठेवणे हे बारा महिन्यांचे. हौसेने उभारलेला आणि पुढे विसरलेला मिरर हा मिरर नसण्यापेक्षा वाईट. यंत्र रोज त्याच्याकडे जाते, ‘नवीन काही नाही’ असे उत्तर घेऊन परत येते, आणि आपण निर्धास्त राहतो. आरसा समोर आहे, पण त्यात दिसतो आहे तो गेल्या वर्षीचा चेहरा!

यावर उपाय साधा आहे. साठ्याजवळ एक नोंदवही ठेवा. दर आठवड्याला तीत तीन गोष्टी लिहा: साठ्यातल्या शेवटच्या बदलाची तारीख, सूचनापत्राशी जुळवून पाहिलेली खूण, आणि लिहिणाऱ्याची सही. हे काम एका शिक्षकाने करावे आणि दोन मोठ्या विद्यार्थ्यांनी शिकून घ्यावे, म्हणजे बदली झाली तरी वही बंद पडणार नाही. ज्या आठवड्यात ती तारीख पुढे सरकलेली दिसणार नाही, त्या आठवड्यात ‘का?’ असे विचारणारे एक तरी माणूस गावात हवे. तेवढे झाले की तार बारीक असली तरी आपल्या वाशीचे अडणार नाही.